भाईंनी चावी दिली तेव्हा

मित्रांनो, आचऱ्याच्या भाई मेस्त्रींच्या पडवीत उभी असलेली जुनी निळी स्कूटर ती मीच. भाईंनी मला आणलं तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते, आज अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांची सुतारकामाच्या हत्यारांची पेटी घेऊन मी वाडीवाडीत फिरले. आपली गाडी कधी दगा देत नाही, असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे.

हळूहळू वाडीतली तरुण माणसं गोव्याला नोकरीला गेली. रस्त्याने चालणारे म्हातारे आणि गाडी चालवणारेही म्हातारेच उरले. रस्ता मात्र रुंद झाला, पर्यटकांच्या गाड्या सुसाट धावू लागल्या.

भाईंना धूसर दिसू लागलं होतं, पण त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. एका दुपारी बाजाराच्या वळणावर वाडीतली म्हातारी नसीमा काठी टेकत रस्ता ओलांडत होती. भाईंनी ब्रेक दाबला तो फार उशिरा. मी घसरून आडवी झाले, नसीमापासून हातभर अंतरावर. भाईंचं कोपर खरचटलं. नसीमा रस्त्याच्या कडेला बसली.

भाई म्हणाले, "माका तू दिसाकच नाय गो."

"माका पण तुझो हॉर्न आयकाक येवक नाय," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी भाईंनी आपणहून सुनेच्या, सारिकाच्या, हातात चावी ठेवली. माझ्यावर गोणपाट पडलं. महिनाभर एक कोंबडी माझ्या सीटवर बसायची. आपलं आयुष्य संपलं, असं मला वाटलं.

भाई मात्र आता पायी बाजारात जात, आणि रस्ता ओलांडताना जीव कसा मुठीत धरावा लागतो, हे त्यांना कळलं. ग्रामसभेत त्यांनी आधी स्वतःची चूक सांगितली. मग वळणावर गतिरोधक आणि साठीच्या पुढच्यांसाठी नेत्रतपासणी मागितली. दोन्ही झालं. अकरा जणांना मोतीबिंदू निघाला, भाई त्यांतलेच एक.

ऑपरेशननंतर सारिकाने चावी परत पुढे केली. भाई हसले. "दिसता बरा. पण हात आता पयल्यासारखे चलनत नाय. तूच चालव, मी मागे बसतंय."

आता सारिका मला चालवते. कधी मागे भाई असतात, तर सोमवारी दवाखान्याला जाणारी नसीमा, ओढणीवर हेल्मेट चढवून. मी सुखात आहे.

मित्रांनो, आजोबांच्या हातून चावी हिसकावू नका. आधी त्यांचे डोळे तपासून आणा. आणि त्यांनी आपणहून चावी दिलीच, तर त्यांना कुठे जायचं आहे ते रोज विचारा.