पाडव्याची कोरी वही

मखमलाबादच्या पुढं, पाटाच्या कडेला, पुंजाबाबांच्या झेंडूच्या मळ्यात हिशोबाची एक रीत होती. लक्ष्मीपूजनाला लाल चोपडीची पूजा, पाडव्याच्या सकाळी नव्या चोपडीचं पहिलं पान, आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सगळं घर ओट्यावर बसवून सरल्या वर्षाचा हिशोब मोठ्यानं वाचायचा. कोणी किती आणलं, कोणावर किती गेलं, झाकपाक नाही.

सात वर्षांपूर्वी बाबा गेले, तशी चोपडी थोरल्या सुनेकडे, उज्वलाकडे आली. पहिली दोन वर्षं तिनं ती कागदावर लिहिली, पुढं मोबाइलवरच्या ॲपात. वही गेली तरी रीत राहिली. लक्ष्मीपूजनाला पाटावर मोबाइल ठेवायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं, काच तेवढी जपायची.

यंदा पाडव्याला अंघोळ करून तिनं ॲप उघडलं, तर रात्रीतून ते आपलं आपणच अपडेट झालेलं. रंग वेगळा, अक्षरं वेगळी, आणि मधोमध दोन बटणं. एकावर लिहिलेलं, जुना हिशोब परत आणा. दुसऱ्यावर, नवीन हिशोब सुरू करा. आता पाडव्याच्या मुहूर्तावर कोणी जुनं उकरतं का? उज्वलानं देवाचं नाव घेतलं आणि दुसरं बटण दाबलं. नवी चोपडी उघडली की जुनी ट्रंकेत जाते, हे या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. ॲपाला कोण सांगणार? नवी वही कोरी करकरीत उघडली, आणि जुनीचा पत्ता नाही. दसऱ्याच्या झेंडूचे क्रेट गेले, खतं गेली, मजुरी गेली, शून्य रुपये शून्य पैसे.

तुळशीचं लग्न अकरा दिवसांवर. ओट्यावर काय वाचायचं?

नवऱ्याला, महेशला, सांगितलं असतं तर त्यानं एकच उत्तर दिलं असतं, तेजस्विनीला विचार. घरात हल्ली सगळ्या दुखण्यांवर हेच औषध. तेजस्विनी धाकटी जाऊ, रोहितची बायको. दोघं गेल्या दिवाळीत पुण्याहून कायमची घरी आली. तिला गंगापूर रोडला एका ऑफिसात नोकरी. विजेचं बिल तिनं भरायचं, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज तिनं करायचा. तिनं केलेलं पिठलंसुद्धा सासूबाईंना, कुसाबाईंना, गोड लागायला लागलं. उज्वलानं अठरा वर्षं पिठलं केलं; त्याला कोणी कधी नाव ठेवलं नाही, आणि कोणी नावही घेतलं नाही. आणि दसऱ्याला माळा ओवता ओवता कुसाबाई सहज बोलून गेल्या होत्या, “तेजू शिकलेली हाय. चोपडी पुढल्या सालापासून तिलाच देऊ का?”

सहजच बोलल्या. पण काटा सहजच मोडतो.

आता हिशोब हरवला हे कळलं, की चोपडी गेलीच म्हणून समजा.

उज्वला गुपचूप पंचवटीतल्या मोबाइलच्या दुकानात गेली. दुकानदारानं मोबाइल उलटासुलटा केला आणि सांगितलं की घाबरू नका, हिशोब जिवंत आहे. कोणीतरी शहाण्या माणसानं रोजच्या रोज त्याची प्रत ईमेलच्या खात्यात जायची सोय करून ठेवलीये. परवा रात्रीपर्यंतचं सगळं आहे. फक्त पासवर्ड द्या. तिनं विचारलं, कसला पासवर्ड? ज्यानं खातं काढून दिलं त्याला विचारा, तो म्हणाला.

खातं तेजस्विनीनं काढून दिलं होतं. गेल्या वर्षी नवा मोबाइल घेतला तेव्हा.

शहाणं माणूस! उज्वलाला आनंद व्हायच्या आधी रागच आला. उपकारसुद्धा बाई न सांगता करून ठेवते, म्हणजे आपल्याला परतफेडही करता येऊ नये.

तरी विचारायला जीभ रेटेना, आणि त्याचं खरं कारण निराळंच होतं. ॲपात खर्चाचे खाने करता येतात. बियाणं, मजुरी, किराणा, देवधर्म. वर्षभरापूर्वी उज्वलानं त्यात एक खाना वाढवला होता, आणि त्याला नाव दिलं होतं, धाकटीचे नखरे. पार्लर, ऑनलाइन मागवलेल्या चपला, कुठली ती हिरवी कॉफी. वाचायच्या दिवशी ती रक्कम किराण्यात मिसळून टाकू, असं तिनं ठरवलेलं. हिशोब परत आला की पहिला तेजस्विनीच्या हातात येणार. खाना तिच्या डोळ्यांसमोर उघडणार.

कार्तिक लागलेला, देवळात रोज कीर्तन. त्या संध्याकाळी बुवांनी मत्सरावर निरूपण केलं. म्हणाले, मत्सराचं निरूपण चाललं की प्रत्येकाला शेजाऱ्याचं तोंड आठवतं, हीच त्याची खूण. मंडप हसला. उज्वलाही हसली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण बुवा बोलायला लागल्यापासून तेजस्विनीच्या गावातल्याच माहेरच्या बायकांकडे बघतोय. टाळ वाजायला लागले तशी तिनं बोटांवर तुळशीच्या लग्नाचे दिवस मोजले. सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मोबाइल तेजस्विनीपुढं धरला. पाडव्याला काय झालं ते एका दमात सांगितलं.

तेजस्विनी हसली नाही, हे बरं झालं. तिनं पासवर्ड टाकला, ॲप काढून परत घेतलं, यावेळी पहिलं बटण दाबलं. चाक फिरत राहिलं. मग आकडे धो धो आले, आणि त्यांच्याबरोबर गोल चित्र, वर्षाचा खर्च भाकरीसारखा रंगीत तुकड्यांत कापलेला. मजुरीचा मोठा तुकडा, खताचा, देवधर्माचा. कडेला नखभर गुलाबी फाक. तेजस्विनीनं तिच्यावर बोट ठेवलं.

उज्वला पाटाच्या पाण्याकडे बघत उभी राहिली.

“अकरा हजार तीनशे,” तेजस्विनी म्हणाली. “ताई, वर्षभर मी एवढेसेच नखरे केले? मला वाटलं होतं, मी बरी उधळी आहे.”

उज्वलाला वाटलं, भांडली असती तर बरं. भांडणाला उत्तर असतं.

पण तेजस्विनीचं बोट पुढं सरकलं, जमेच्या बाजूला, आणि तिथं थांबलं. ‘इतर जमा’ असा खाना होता. त्यात रिकामी पोती विकली ते, भंगार दिलं ते, आणि दर महिन्याला बारा हजार. दर महिन्याच्या पाच तारखेला तेजस्विनी पगारातून ते उज्वलाच्या खात्यावर घालत होती, घरासाठी. एका शब्दानं कोणाला न सांगता. उज्वलानं प्रामाणिकपणे लिहिले होते. नाव मात्र लिहिलं नव्हतं.

यावेळी तेजस्विनीनं नुसतं बोट उचललं. मोबाइल परत दिला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. जाताना तिची मान खाली होती. वर्षभर उज्वलाला तेच बघायचं होतं. बघून तिला काहीच गोड लागलं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ओट्यावर सतरंजी पडली. कुसाबाई खांबाला टेकल्या. महेश, रोहित, पोरं, सगळी बसली. उज्वला वाचू लागली. झेंडूचे क्रेट, शेवंती, बाजारातली आडत. आवाज ठणठणीत. नखऱ्यांचे पैसे तिनं कालच किराण्यात मिसळले होते. तिनं तेजस्विनीकडे बघितलं नाही. मग जमेचा तो खाना आला. ‘इतर जमा’ म्हटलं असतं तर वाक्य पुढं गेलं असतं, कोणी विचारलं नसतं. सात वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

“पोती आणि भंगार, चार हजार दोनशे,” तिनं वाचलं. जरा थांबली. “तेजस्विनीच्या पगारातून घरात आले, एक लाख चव्वेचाळीस हजार.”

रोहित बायकोकडे वळून बघायला लागला. कुसाबाईंनी हात लांब करून धाकटीच्या गालावरून फिरवला.

“एवढं घालत व्हती नि बोलली नाय कधी?”

“मी कशाला बोलू?” तेजस्विनी म्हणाली. “ताई लिहीत होत्या ना.”

झालं. आता आठवडाभर घरात याच गोष्टीचं कौतुक चालणार, आणि ते आपल्याच तोंडून निघालं, हे उज्वलाला कळत होतं. छातीत जुनी आग धुमसली, आणि तिनं ती धुमसू दिली. खोटी नव्हती ती. पण हिशोबही खोटा नव्हता, आणि तो तिनं वाचला होता.

कुसाबाई मात्र थोरलीकडे बघत होत्या. बराच वेळ.

“चोपडी हितंच राहू दे, थोरले,” त्या म्हणाल्या. “वाच पुढं. खताचं वाच.”

उज्वलानं घसा खाकरला आणि खताचं वाचलं.