एकशे एकोणनव्वद रिकाम्या क्लिपा

गाडीतल्या कॅमेऱ्याच्या कार्डात या आठवड्याच्या दोनशे सदुसष्ट क्लिपा होत्या. संस्कृतीने त्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि आवाज बंद ठेवून एकेक उघडत, वेगळी काढत गेली. बॉनेटवर येऊन झोपणारं मांजर, एकतीस. येणारीजाणारी माणसं आणि भाजीची हातगाडी, चोवीस. सुताचे बीम, म्हणजे मागावर चढवायचे रूळ, घेऊन येणारा टेम्पो, चौदा. पोरांचा चेंडू, आठ. एका क्लिपमध्ये तर स्वतः अप्पाच होते, काचेला नाक लावून कॅमेरा चालू आहे की नाही ते बघत असलेले. एवढ्या झाल्या अठ्ठ्याहत्तर.

उरलेल्या एकशे एकोणनव्वद क्लिपांमध्ये काहीच घडत नव्हतं. रिकामा बोळ, समोर शेजारच्या शरणप्पांच्या यंत्रमागांच्या शेडचं निळं दार, वर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. अर्धा मिनिट तेवढंच दिसायचं आणि क्लिप संपायची.

"सापडला का?" दारातून अप्पांनी विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणजे? आरसा फोडणारा."

"अजून नाही, अप्पा."

"सापडंल. त्या शरणप्पाशिवाय कोण असणाराय? बीम आत जात न्हाई म्हणून रोज गाडीला शिव्या घालायलाय." अप्पांनी चपला काढल्या. "तू फक्त एक क्लिप काढून दे. सोमवारी महापालिकेत अर्जच देतो. घराघरांच्या बोळात आठ आठ माग चालवायलाय. बंद पडू देत सगळे."

भवानी पेठेतल्या त्या बोळात गाडी लावायला जागा एकच होती, शरणप्पांच्या शेडच्या भिंतीला खेटून. गाडी जुनीच, पण अव्वासाठी, म्हणजे संस्कृतीच्या आईसाठी, घेतलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला तिला डायलिसिसच्या मशीनवर झोपायचं असे, आणि घरापासून दवाखान्यापर्यंत रिक्षाचे धक्के तिला सोसत नव्हते. महिन्यापूर्वी एका सकाळी गाडीचा डावा आरसा फुटलेला सापडला. त्यावरून अप्पा आणि शरणप्पा बोळाच्या मधोमध भांडले, अप्पांनी अर्ज देण्याची धमकी दिली, आणि पंचवीस वर्षांचं एकमेकांच्या ताटातलं खाणं त्या दिवशी संपलं. त्याच आठवड्यात अप्पांनी गाडीला डॅशकॅम बसवला. दुकानदाराला एकच सांगितलं, सगळं पकडायला पायजे. दुकानदाराने त्याप्रमाणे कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमाल ठेवून दिली.

गाडी बंद असली की असा कॅमेरा पार्किंग मोडमध्ये जातो. जणू पेंगत बसतो. समोर काही हललं, किंवा गाडीला धक्का बसला, की जागा होतो, अर्धा मिनिट टिपतो आणि पुन्हा पेंगतो. मात्र प्रत्येक वेळी जागं व्हायला तो गाडीच्याच बॅटरीतून घोट घेतो. बॅटरी किती उतरली की त्याने पिणं थांबवायचं, याची एक मर्यादा असते. दुकानदाराने ती सगळ्यात खाली ठेवली होती. म्हणून या बुधवारी गाडी चालूच झाली नव्हती. अव्वा रिक्षातून गेली आणि पोचेपर्यंत तिचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. तिला बाकावर बसून राहावं लागलं.

संस्कृतीने हे काम हातात घेतलं ते त्या बाकासाठी. आरशाचं तिला फारसं काही नव्हतं.

तिने रिकाम्या क्लिपांची नावं तपासली. कॅमेरा चित्र हललं म्हणून जागा झाला की धक्का बसला म्हणून, हे फाइलच्या नावातल्या एका अक्षरावरून कळे. एकशे एकोणनव्वदच्या एकशे एकोणनव्वद धक्क्याच्या होत्या. आणि गाडीला तर कुणी बोटही लावलं नव्हतं. रविवारची मात्र त्यात एकही नव्हती.

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"अव्वा, अर्धी वाटी पाणी घेते."

"माझ्या बाटलीतलं नको गं. ते डॉक्टरनं मोजून दिलेलं हाय," अव्वा पलंगावरून म्हणाली. "माठातलं घे. तुला काय, तू तळं पी."

वाटी घेऊन ती बाहेर आली. शनिवारची संध्याकाळ होती, बोळात पोरं खेळत होती, शेडमधून मागांचा खडखडाट चालू होता. तिने वाटी बॉनेटवर ठेवली आणि वाकून बघत राहिली. पाण्यावर बारीक वर्तुळं सारखी उठत होती. बराच वेळ तेवढीच. मग अचानक एक मोठं वर्तुळ काठापर्यंत गेलं, आणि पुन्हा बारीक.

"ताई, त्यात मासा हाय का?" एका पोराने विचारलं.

"हाय. बघ, आता शेपूट मारील."

मोठं वर्तुळ पुन्हा उठलं. पोरगा खेळ सोडून उकिडवा बसला.

संस्कृतीने तळवा शेडच्या भिंतीवर टेकवला. भिंत आतून थरथरत होती. आत आठ माग होते. प्रत्येकाचा धोटा सेकंदाला दोनेकदा आपटत असणार, पण कोणत्याही दोन मागांची गती अगदी सारखी नसणार. एरवी ते आठ आघात विखरून पडत. कधीतरी, कुणी न ठरवता, त्यातले चारपाच एकाच क्षणी पडत. मग भिंत, जमीन, टायर असं करत तो धक्का काचेपर्यंत चढे आणि कॅमेरा जागा होई. कॅमेऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला सगळं पकडायला सांगितलं होतं आणि तो इमानाने पकडत होता. तिला त्याचं कौतुक वाटलं.

उपाय सोपा होता. धक्क्याची संवेदनशीलता अगदी कमी करायची. उद्या वारा सुटून टॉवेल उडाले तरी तो जागा होऊ नये म्हणून चित्राचा तो वरचा भाग हालचालीतून वगळायचा. आणि बॅटरीची मर्यादा वर चढवायची, म्हणजे कॅमेरा झोपला तरी चालेल, गाडी सकाळी उठलीच पाहिजे. पण तिने लगेच काही बदललं नाही. मागांमुळेच होतंय असं नुसतं वाटून भागत नाही. माग चालू तेव्हा धक्के आणि बंद तेव्हा नाहीत, असं दिसलं पाहिजे.

तिने आठवड्याचा आलेख काढला. प्रत्येक वाराची एक रेघ, सकाळी आठ ते रात्री आठ, प्रत्येक रिकाम्या क्लिपचा एक ठिपका. मंगळवार, गुरुवार, शनिवार ठिपक्यांनी भरले. दुपारी एकच्या सुमाराला अर्ध्या तासाची मोकळी जागा, ती कामगारांच्या जेवणाची. रविवारची रेघ कोरी.

सोमवारी आणि शुक्रवारी गाडी साडेबाराला दवाखान्यातून परत आलेली. त्यानंतर एकदोन ठिपके. मग एक ते चार, दोन्ही दिवशी, काहीच नाही.

"अव्वा, सोमवारी दुपारी लाईट जाती का?"

"न्हाई की. पंखा चालू असतो."

"नक्की?"

"झोपलेली असते मी, पण घाम न्हाई येत. लई गाढ झोप लागती त्या दिवशी. डॉक्टरला पण विचारलं मी. म्हणाले, मशीनवरनं आल्यावर थकव्यानं लागती."

"इतर दिवशी?"

"इतर दिवशी ह्यांचा खडखडाट चालू. कसली झोप!"

संस्कृती लॅपटॉपकडे वळली. तिचं स्वतःचं दुपारचं जग जुळे सोलापुरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत असे. अप्पा अव्वाला घरी सोडून मार्केट यार्डातल्या पेढीवर जात. त्या तीन तासांत घरात फक्त अव्वा असायची, आणि तीही झोपलेली.

आता तिने बुधवारची रेघ बघितली. सकाळी साडेदहाला मेकॅनिकने दुसरी बॅटरी लावून दिली होती. तिथून ठिपके सुरू झाले. एक वाजला, अर्धा तास मोकळा. दीडला पुन्हा सुरू, दोनला चालू, अडीचला चालू. शेवटचा ठिपका तीन वाजून आठ मिनिटांनी. पुढचा सव्वासहाला.

तीन वाजून बारा मिनिटांची एक क्लिप तिने मघाशी येणाऱ्याजाणाऱ्यांत टाकली होती. रिक्षा, दोन माणसं, एवढंच बघून. समोर माणसं हलत राहिल्याने ती दीड मिनिट चालली होती. तिने ती पुन्हा उघडली आणि या वेळी कानात इअरफोन घातले.

निळ्या दारात शरणप्पा उभे होते. कपाळाशी हात धरून बोळाच्या तोंडाकडे बघत होते. रिक्षा आली. उन्हासाठी गाडीची काच दोन बोटं खाली ठेवलेली होती, त्यामुळे आवाज स्वच्छ आला होता. आधी मागांचा खडखडाट, त्यावर अप्पांचा आवाज.

"सावकाश. पाय बघून ठेव. माझा खांदा धर."

शरणप्पांनी हात खाली घेतला आणि ते वळून आत गेले.

"बघितलीस?" अप्पांचा आवाज. "तोंड फिरवून गेला आत. इतकं आजारी माणूस दारातनं चाललंय, बरी हाय का म्हणून विचारावं माणसानं! दगड हाय नुसता."

अप्पा बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यामागे खडखडाट विरळ होत चालला होता. एक माग थांबला. मग आणखी एक. क्लिपच्या शेवटी दोरीवरच्या टॉवेलांची फडफड ऐकू येत होती.

संस्कृतीने ती क्लिप तीनदा ऐकली. मग लॅपटॉप उचलून अप्पांसमोर नेऊन ठेवला.

"सापडला?" अप्पा सरसावून बसले.

"ऐका."

पहिल्यांदा ऐकताना अप्पा चिडले. "हे माझंच बोलणं हाय की. मला काय ऐकवायलीस?"

"तुमचं सोडा. मागचं ऐका."

दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले. तरुणपणी अप्पांचेही चार माग होते, मागाचा आवाज त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. मांडीवर ठेवलेल्या हाताचं एक बोट दुमडलं. मग दुसरं. एक हात संपल्यावर त्यांनी दुसरा मांडीवर घेतला. आठवं बोट दुमडलं तरी ते तसेच बसून राहिले. संस्कृतीने आलेख त्यांच्यापुढे सरकवला आणि तीन मोकळ्या जागांवर बोट ठेवलं. काही सांगावं लागलं नाही.

"काय झालं?" पलंगावरून अव्वाने विचारलं.

अप्पा उठून पलंगापाशी गेले. मग त्यांनीच तिला सांगितलं, तुकड्या-तुकड्यांत.

अव्वा पलंगावर उठून बसली.

"आठ माग, तीन तास," ती मग म्हणाली. "आठवड्यातनं तीनदा. त्याच्या घरात पण खाणारी तोंडं हायत की. उद्या मला घेऊन चला."

रविवारी माग बंद होते. शरणप्पा तेलाची कुपी घेऊन एका मागाखाली वाकले होते. अव्वा संस्कृतीच्या हाताला धरून दारात आली तसे ते धोतराला हात पुसत उठले.

"बा, बा, ये गं दानक्का. इतकं उन्हातनं कशाला आलीस? बस."

"बसायला न्हाई आले. माझ्यासाठी माग बंद ठेवत जाऊ नका, एवढं सांगायला आले."

"कोण ठेवलंय बंद?" शरणप्पांनी अव्वाच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या अप्पांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "जेवणाची सुट्टी असती ती."

"तीन तासांची?"

"आमची माणसं सावकाश जेवतात."

"मग बुधवारी सव्वासहापर्यंत जेवत होती का, काका?" संस्कृतीने विचारलं.

"बुधवारी डब्यात शेंगाचटणी होती, बाई. घासाघासाला पाणी लागतं."

अव्वाला हसू आलं. हसताना तिला धाप लागली, तेव्हा शरणप्पांनी स्वतःच स्टूल पुढे केलं. "त्याला सांगा," तिने मागे वळून अप्पांना म्हटलं, "चालू ठेव म्हणून सांगा. मला येती झोप."

अप्पा निळ्या दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होते.

"बीम कधी येणाराय?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी."

"गाडी पुढं घेतो. दोन फूट पुढं घेतली तर टेम्पो आत येतो."

"येतो की." शरणप्पांनी कुपीचं तोंड पुसलं. "आरशाचं काय निघालं मग?"

"चेंडू असणार," संस्कृती म्हणाली. "आठ वेळा लागलाय या आठवड्यात. एकदा तर बरोबर आरशाच्या जागी."

"कुणाचा?"

"तुमच्या नातवाची बोलिंग आहे, काका."

"आणि बॅटिंग?"

"आमच्या घरमालकांचा पोरगा."

"मग कुणावर अर्ज देणार रे सिद्धलिंग?" शरणप्पा अप्पांना म्हणाले, आणि पुन्हा मागाखाली वाकले.

अप्पांनी संध्याकाळी गाडी दोन फूट पुढे घेतली. भिंतीला खेटूनच. संस्कृतीने गाडीत बसून सेटिंग बदलली. टॉवेल वगळले, बॅटरीची मर्यादा बारा पूर्णांक दोन व्होल्टवर नेली. धक्क्याच्या संवेदनशीलतेवर तिचं बोट आलं, तेव्हा खिडकीशी उभ्या असलेल्या अप्पांनी तिला थांबवलं.

"ते राहू दे. एक सोमवार जाऊ दे."

सोमवारी सकाळी गाडी चावीच्या पहिल्या फिरकीला चालू झाली. अव्वा सातला पाच कमी असताना मशीनवर होती. टेम्पो येऊन बीम उतरवून गेला. साडेबाराला गाडी पुन्हा भिंतीशी लागली आणि अप्पा पेढीवर गेले.

रात्री जेवायच्या आधी संस्कृतीने कार्ड काढून आणलं. अप्पा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिने फाइली वेळेनुसार लावल्या आणि मोजून आकडे वाचून दाखवले.

संवेदनशीलता कमाल. साडेबारा ते एक, धक्के दोन. चार ते आठ, धक्के पंधरा. एक ते चार, शून्य.