तांबड्या पिल्लांची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. पण लोणच्याची नव्हे. बॅटरीचं ॲसिड पोटात धरण्यासाठी मला जाड आणि चौकोनी घडवलं. देहूरोडच्या एका कोठारात मी बारा वर्षं ती जळजळ सोसली. मग भंगारात निघाले आणि चांदभाईंच्या दुकानातून चिंचवडला भीमराजच्या घरी आले. ते साल १९७४.

भीमराज एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला होता. यंत्राने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. जखम भरली, पण तो घराबाहेर पडेना. कोणी आलं की हात पाठीमागे जाई. कंपनीने स्टोअरमध्ये काम देऊ केलं होतं. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. बायको, कस्तुरा, रोज विचारी आणि तो रोज भिंतीकडे बघे.

त्याचा जीव रमावा म्हणून मित्रांनी काचेची पेटी आणि दोन सोनेरी मासे दिले होते. कस्तुराने पवना नदीतलं शेवाळ आणून पेटीत सोडलं. चार दिवसांनी पाण्यात बारीक पिल्लं वळवळताना दिसली! मोठ्या माशांनी ती गिळू नयेत म्हणून भीमराजने मला सोड्याने तीनदा धुतलं आणि पिल्लं माझ्यात ठेवली. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. ॲसिडशिवाय मी दुसरं काही सांभाळलंच नव्हतं.

उकडलेल्या अंड्याचा बलक तो फडक्यातून गाळून घाली. पुढे पिंपातल्या डासांच्या अळ्या टिपून आणू लागला, त्याही उरलेल्या तीन बोटांनी. डोळ्यांत तेल घालून तो त्यांना जपे. पिल्लं तांबडी दिसू लागली तेव्हा म्हणाला, "कस्तुरा, बापावर गेलीत बघ!" अपघातानंतर तो पहिल्यांदाच हसला होता.

एक दिवस दूध घालणारी सोजरबाई माझ्यापाशी वाकली. ती पिंपळे सौदागरची, नदीकाठची म्हातारी.

"आरं, ही तुझ्या माशांची न्हाईत. मरळीची हाईत! ल्हानपनी तांबडी, मोठेपनी काळी. शेवाळासंगं अंडी आली आसतील. हातभर वाढत्यात ही. तुझं दोन्ही मासं खाऊन ढेकर देतील."

भीमराजचा हात पुन्हा पाठीमागे गेला. "साधी पिल्लं ओळखता आली नाहीत मला. स्टोअरमध्ये जाऊन काय दिवे लावणार?"

"वळखली न्हाईस, खरं हाय. पर एक तरी मेलं का?"

त्याने मान हलवली. "नाही. छत्तीसच्या छत्तीस आहेत."

"मंग तोंड पाडून का बसलास? न्हे नदीला. पिल्लं तुझी, वझं तूच उचल."

पाण्याने भरलेली मी एका हाताने उचलण्यातली नव्हते. त्याने दोन्ही हात माझ्याभोवती घातले आणि उंबरा ओलांडला. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती. रस्ता माणसांनी भरला होता. प्रेसवरचा ज्योतीराम आडवा आला. त्याची नजर नेमकी हातावर गेली.

"भावा, हाताचं कसं काय?"

"दोन बोटं गेली," भीमराज म्हणाला. "बाजूला हो राव, पिल्लं सांडतील."

पिल्लं नदीत गेली. पहिल्या तारखेला भीमराज स्टोअरमध्ये हजर झाला. मग माझं काम उरलं नाही. आता मी फळीवर आहे, पोटात गंजके स्क्रू आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा अनोळखी जीव निघाला, तर जाणत्या माणसाला जरूर विचारा. पण नाव कळेपर्यंत त्याला उपाशी ठेवू नका.