गोजरबाईचा ठराव

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या आठ बिऱ्हाडांच्या सोसायटीचे सेक्रेटरी अजिनाथअण्णा. जिना झाडणारी गोजरबाई महिन्यात चारदा उशिरा आली. तिच्या वस्तीत पाणी पहाटे सुटतं, अन् भरल्याशिवाय तिला निघता येत नाही. अण्णांनी दारोदार विचारलं होतं. आठही घरं म्हणाली, "जरा लवकर ये म्हणा की."

तेवढ्यावर भागलं असतं. पण सोसायटीत ठराव मिटिंगमध्येच व्हायचा, अन् तिथली रीत अशी की मजल्यागणिक एकेकानं बोलायचं. मागच्याचंच म्हणणं पुन्हा म्हटलं की सगळे हसायचे.

खालून लालसाबभाईंनी सुरुवात केली. "समज द्या."

"समज तर ती हसण्यावारी नेईल," महेश्वरीताई म्हणाल्या. "लेखी द्या."

"लेखी वाचणार कोण, काकू?" त्यांच्या वरच्या ऋतुराजला चेव आला. "आठ दिवस तिचं काम बंद ठेवा."

"आणि आठ दिवस कचरा तू काढणार व्हय रे?" मडिवाळप्पा गरजले. "काढूनच टाका!"

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या सिद्धेश्वरीबाईंना बिचाऱ्यांना बोलायला काही उरलंच नव्हतं. "शेजारच्या सोसायट्यांनाही कळवा," त्या म्हणाल्या.

माना डोलल्या. अण्णांनी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं. पण थांबलं तर तळमजल्यापासून पुन्हा सुरू होणार! गुडघा ठणकत होता. त्यांनी 'सर्वानुमते' लिहून टाकलं.

सोमवारी गोजरबाई वेळेच्या आधी हजर. अण्णांनी खाली मान घालून सांगितलं.

"कोन म्हनलं काडा म्हून?"

"मिटिंग."

"मिटिंग कुटल्या मजल्यावर ऱ्हाती?"

ती वर गेली. एकेक दार वाजलं. अण्णा जिन्याखाली बसून ऐकत राहिले. मी नाही गं बाई. मी तर फक्त समज द्या म्हटलं. हे अण्णांनाच विचार. मडिवाळप्पांनी तर चहाही विचारला.

ती खाली आली. "आण्णा, आठ घरांत कुनीच न्हाय म्हनलेलं. मग मी उद्या येऊ का?"

अण्णांनी डोळे मिटले. "ठराव झालाय, बाई. तो फिरवायचा तर पुन्हा मिटिंग घ्यावी लागंल."

गोजरबाईनं पदर खोचला, झाडू भिंतीला टेकवला.

"नगं, आण्णा. आनकी एक मिटिंग घेतली तर मला सोलापुरातनंच काडतील."