तोंड सरळ होईस्तोवर

बयाबाईंनी नारळ कानाशी धरून हलवला आणि इतका वेळ गप्प असलेल्या माजघरात आतलं पाणी खळखळलं.

"भरलेला हाय," त्या सुनेला म्हणाल्या. "ह्यो देवीला. ऊठ गो मंदा, येसाजी गुरव वाट बघत असंल."

मंदा आरशाकडे पाठ करून पदर घेत होती. डावा कान झाकेल इतका पुढे ओढून तिने तो हनुवटीखाली मुठीत धरला. दारात मंदाची नात अक्षदा, तिच्या मुलाची, यशराजची मुलगी, हळदकुंकवाची ताटली घेऊन केव्हाची उभी होती.

दत्तारामच्या बायकोच्या, मंदाच्या तोंडावरून वारं गेलं, हे कापडे गावात आता सगळ्यांना ठाऊक होतं. दोन महिने माणसं भेटायला येत होती. कुणी जायफळ आणलं, गालात धरायला. कुणी लसणीचं तेल. शेजारची सोनाबाई बिस्किटांचा पुडा ठेवत म्हणाली होती, "हसू नको हां वैनी, हसलीस की जास्तच वाकडं दिसतं," आणि स्वतःच फिस्सकन हसली होती.

वारं गेलं नव्हतं. साखरेच्या दुखण्यात मंदाचं वजन उतरलं आणि गळ्याखाली कातडीची झोळी लोंबू लागली. महाडहून पोलादपूरला जाताना कंडक्टरने तिकीट फाडायच्या आधी विचारलं होतं, "आजी, आधार कार्ड हाय काय? पंच्याहत्तरच्या वर फुकट हाय तुम्हाला." ती बावन्न वर्षांची होती. एसटीतली चारदोन माणसं हसली. ती अर्धं तिकीट काढून खिडकीबाहेर बघत राहिली, आणि त्यानंतर महिन्याभरात दाढेचं काम आहे असं सांगून मुंबईला गेली.

तिथे ऑपरेशन करून गाल ओढून घेतले, गळा ओढून घेतला. टाके काढले तेव्हा ओठाचा डावा कोपरा हलेना. हनुवटीखाली कडक गाठ राहिली, कानाची पाळी खाली ताणली गेली, कानामागचे व्रण लाल दोरीसारखे वर आले. घास ओठाला चिकटून राहिला तरी तिला कळत नसे. उजव्या बाजूला तर कातडी पुन्हा सैल पडू लागली होती. डॉक्टर म्हणाले, नस दुखावलीय, होतं असं कधीकधी. सहा महिने बघू. येईलच असं नाही सांगता येत.

दत्तारामनेच आईला फोनवर सांगून टाकलं, वारं गेलंय. मंदा शेजारीच बसली होती. तिने खोडून काढलं नाही. महाडच्या बाजारात ओळखीची माणसं बघून वळून जाऊ लागली, तेव्हा ती सासूकडे कापड्याला येऊन राहिली.

आणि इथे आल्यावर तिला कळलं, की सुनेचं तोंड सरळ होईस्तोवर म्हातारीने भात सोडला आहे. उभा जन्म भातावर काढलेली बाई चतकोर भाकरी पाण्याशी गिळत होती. पोलक्याच्या बाह्या आता तिच्या दंडाभोवती फिरत होत्या. रोज संध्याकाळी ती कोमट तेलाने मंदाचा गाल चोळी, आणि मंदा डोळे मिटून घेई. आज सांगू, असं ती रोज ठरवत असे.

देवळात येसाजीने नारळ पुढ्यात ठेवला, हात जोडले आणि मागे वळून पाहिलं.

"वैनी, देवीपुढं दुखणं आपल्याच तोंडानं बोलायचं असतं. काय झालं, कशानं झालं. तुमी बोला, मी पाठनं गाऱ्हाणं घालतो."

मंदाने मूठ घट्ट केली. देवीपुढे खोटं कसं बोलायचं? आणि खरं बोलायचं तर बाजूला सासू, मागे नात. ओठाचा उजवा कोपरा थरथरला, डावा होता तसाच राहिला.

"तिला बोलाया तरास होतो," बयाबाई म्हणाल्या. "तू बोल. माझ्या सुनेला पयल्यासारखी कर, बस. दुखण्याचं नाव घेऊ नको."

"नाव नाय घेतलं तर देवीला कळंल कसं?"

"तुझी देवी काय दाक्तर हाय? तिला समदं कळतं. तू घाल गाऱ्हाणं."

येसाजीने मान हलवली आणि सांगितलं तेवढंच बोलला.

परतताना तिघी शेताच्या बांधावरून निघाल्या. अक्षदा पुढे, प्रसादाचं खोबरं चावत. बयाबाईंनी मंदाच्या दंडाचा आधार घेतला होता. अर्ध्या वाटेत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या,

"टाके खाजतात काय गो अजून?"

मंदा जागीच थांबली.

"रोज तेल लावते तुला. कानामागची शिवण हाताला लागत नाय काय माझ्या?"

"आत्या..."

"चल. उन्हं चढली."

 मंदाचा पदर मुठीतून सुटला होता, तो सावरायचंही तिला सुचलं नाही.

"कळलं होतं, मग पुन्हा भात का नाही खाल्लात?"

"वारं नसंल गेलं. तोंड तर वाकडं हाय ना?" म्हातारी आपल्या पायांकडे बघत चालू लागली.

"आज जेवा, आत्या. माझी आण हाय तुम्हाला. माझ्या हातानं वाढते."

"तुझ्या आणेनं काय हुतं? देवीला शब्द दिलाय. तू पयल्यासारखी झालीस की जेवीन."

पुढे गेलेली अक्षदा वळून उभी राहिली. खोबऱ्याचा तुकडा गालात सरकवून तिने आजीच्या तोंडाकडे, मग उघड्या गळ्याकडे नीट पाहिलं.

"आजी, पण पयल्यासारखी तर तू होतीसच ना? मग मुंबईला कशाला गेलीस?"