यमुनाबाईंनी बसवलेले रॉकर

मित्रांनो, मी एक जुना रॉकर आहे. नाव ऐकून तुम्हाला झुलती खुर्ची आठवली असेल, तर तुमचे फारसे चुकलेले नाही. मीही झुलतोच, पण मोटारीच्या इंजिनात. माझा आकार लहानशा होडीसारखा आहे आणि मी तुमच्या मुठीत सहज मावेन. इंजिनाच्या डोक्यावर एका खुंटीला मला नटाने अडकवतात. खालून एक पोलादी काडी माझे एक टोक वर ढकलते, तसे माझे दुसरे टोक खाली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन श्वास घेते. बागेतला सी-सॉ करतो तेवढेच माझे काम. फक्त ते मिनिटाला हजार-हजार वेळा करावे लागते.

अमेरिकेतल्या एका कारखान्यात जाड पत्र्यावर दणका बसला आणि माझा जन्म झाला. आम्ही सोळा भावंडे आठ सिलिंडरच्या एका दांडग्या इंजिनात जाऊन बसलो. ते इंजिन एका लांब नाकाच्या लाल मोटारीत बसले. ती रस्त्याने गेली, की दुतर्फा खिडक्यांची तावदाने वाजत. माझ्या पोटात एक वाटी आहे. खुंटीवरची एक गोळी त्या वाटीत बसते. दोघी एकमेकींना झिजवत झिजवत एकमेकींच्या होतात. दुसऱ्या भावाची गोळी माझ्या वाटीत कधीच नीट बसायची नाही.

एक अमेरिकन सैनिक ही मोटार जर्मनीत घेऊन आला आणि मायदेशी परतताना त्याने ती राजाभाऊंना विकली. राजाभाऊ मूळचे कराडचे. कार्ल्सरूहेला इंजिनिअरिंग शिकायला आले आणि तिथेच नोकरी धरून राहिले. मोटार दारात उभी राहिली, तेव्हा त्यांच्या पत्नी यमुनाबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या.

“अहो, घरात बसायला धड सोफा नाही!”

“हिच्यात दोन आहेत की,” राजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी दार उघडून पुढची आणि मागची लांबरुंद गादी दाखवली.

पुढची वर्षे फार सुखात गेली. दर वसंतात राजाभाऊ इंजिनाचे झाकण काढत, आम्हा भावंडांना एकेक करून पुसत आणि ज्याची गोळी त्याच्याच वाटीत घालून परत बसवत. या कामात त्यांना कोणाचा हात लागलेला खपत नसे. यमुनाबाई गॅरेजच्या दारात चहा ठेवून मागे फिरत. त्यांची मुलगी ऊर्जा शाळेत जाताना कोपऱ्यावरच उतरून घेई. “सगळे बघतात, बाबा!” असे ती जर्मनमध्ये कुरकुरे. पण मोटारीभोवती मुलांचे कोंडाळे झाले, की तीच पुढे होऊन ऐटीत सांगे, “ही आमची.”

मग राजाभाऊंच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि पुढे गाडी चालवायलाही मनाई केली. मोटारीवर ताडपत्री पडली. इंजिन बंद राहिले, की आमच्या अंगावरचे तेल हळूहळू निथळून जाते. दोन हिवाळे आम्ही तसेच कोरडे बसून काढले. आता म्युनिकला राहणारी ऊर्जा या वसंतात घरी आली होती. तिने वडिलांच्या आग्रहाखातर किल्ली फिरवली. माझी कोरडी वाटी गोळीवर खरवडली आणि मी टिकटिक करू लागलो. मला लाज वाटली. पण काय करणार?

“सहावा रॉकर गेला,” राजाभाऊ कान लावून म्हणाले. त्यांनी झाकण काढले आणि मला बाहेर घेतले. माझ्या वाटीवरून त्यांनी बोट फिरवले. मग म्हणाले, “एकाची ही गत, तर बाकीच्यांचा तरी काय भरवसा? सगळे सोळा बदलू. मीच बसवणार. जमलं तर ठीक, नाही तर गाडी त्या स्टुटगार्टवाल्याला देऊन टाकू.”

जुन्या मोटारी जमवणारे स्टुटगार्टचे एक गृहस्थ केव्हापासून त्यांच्या मागे लागले होते.

पुढच्या खेपेला ऊर्जा एक जड खोके घेऊन आली. आत सोळा निळे रॉकर चकाकत होते. ॲल्युमिनियमचे, टोकाला चाक असलेले! त्यांच्यापुढे मी म्हणजे गंजका चमचा.

“बाबा, रोलर रॉकर! रेसिंगच्या गाड्यांना हेच लावतात. गेनाऊ, अगदी तुमच्या इंजिनासाठी मागवलेत.”

राजाभाऊंनी एक खुंटीवर चढवला आणि वर झाकण ठेवले. झाकण टेकेना.

“उंच आहेत गं. झाकणाला लागतात.”

“मग उंच झाकण घेऊ ना.”

“ते ब्रेकच्या डब्याला अडेल. आणि ऊर्जा, हे शर्यतीचं सामान. आपलं इंजिन म्हातारं झालंय. त्याला पळवायचं नाही, चालतं ठेवायचंय.”

“आल्झो, म्हणजे माझंच चुकलं.” ऊर्जाने खोके फाडकन मिटले. “तुम्हाला माझं काही नकोच असतं.”

यमुनाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्या प्रथमच आत आल्या. मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “त्यांच्या हातासाठी तुला काही आणता येत नाही, म्हणून तू इंजिनासाठी आणलंस. एवढं कळतं आम्हाला.”

राजाभाऊ लोकांसमोर उजवा हात खिशात लपवत. त्यांनी तो बाहेर काढला आणि त्या खोक्यावर ठेवला. हात खोक्यावर तडतडत राहिला. तो त्यांनी तसाच राहू दिला.

“हे परत पाठव,” ते म्हणाले, “आणि ये, बस इथे. आपण दोघं मिळून निवडू.”

मला नमुना म्हणून टेबलावर मधोमध ठेवले. ऊर्जा लॅपटॉपवर एकेक रॉकर दाखवी आणि राजाभाऊ माझ्याशी ताडून बघत. खुंटीपासून माझे एक टोक किती लांब, दुसरे किती, हे त्यांनी तिला मोजून दाखवले. या लांबीत फरक पडला, तर व्हॉल्व्ह जास्त उघडेल आणि त्याच्या जुन्या स्प्रिंगा दबून थकतील, असे सांगितले. ऊर्जा प्रश्न विचारत राहिली. शेवटी त्यांनी साधे पोलादी रॉकर निवडले, अगदी माझ्यासारखे. फक्त त्यांच्या गोळीला तेल धरून ठेवणारी एक बारीक खाच होती. माझ्या वेळी तशी खाच नव्हती. मला थोडा हेवा वाटला, पण थोडाच.

नवे रॉकर आले. मित्रांनो, ते बसवायची एक रीत असते. खालची काडी दोन बोटांत धरून फिरवायची आणि वरून नट आवळत जायचे. रॉकर सैल असतो तोवर काडी गरगर फिरते. बोटांना जरासा अटकाव जाणवला, की थांबायचे आणि मग नटाला अर्धा फेरा जास्त द्यायचा. सैल राहिला तर टिकटिक होते. फार आवळला तर व्हॉल्व्ह मिटतच नाही.

राजाभाऊंनी पहिल्या रॉकरचा नट आवळला. सैल केला. पुन्हा आवळला. ऊर्जा पुढे झाली, तर त्यांनी तिला मानेनेच नको म्हटले. त्यांच्या कपाळावर घाम आला. अखेर त्यांनी पाना खाली ठेवला.

“काडी फिरतेय की माझा हात, तेच कळत नाही,” ते म्हणाले. “कळव स्टुटगार्टला.”

ऊर्जाने आईकडे पाहिले. यमुनाबाईंनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.

“अहो, हे वाती वळल्यासारखंच ना?”

“काय?”

“देवापुढची वात हो. कापूस बोटांत फिरतो, पीळ भरला की अडतो.”

राजाभाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग हळूच बाजूला सरकले आणि स्टुलावर बसले. “हो. तसंच. अडलं की सांग.”

यमुनाबाईंच्या बोटांत काडी, ऊर्जाच्या हातात पाना आणि राजाभाऊंचे तोंडी हुकूम, असे काम सुरू झाले. सिलिंडर बदलायचा झाला, की राजाभाऊ इंजिन किती फिरवायचे ते सांगत. यमुनाबाई डोळे मिटून काडी फिरवत.

“अडलं.”

“ऊर्जा, अर्धा फेरा. शाबास!”

एकदा राजाभाऊच घाईने म्हणाले, “झालं की ते. दे फेरा.”

“नाही, अजून सैल आहे.”

“अगं, मला दिसतंय ना इथून.”

“अहो, बोटं माझी आहेत!”

राजाभाऊ हसले. आजारपण आल्यापासून मी त्यांचे असे हसणे ऐकले नव्हते.

झाकण बसले आणि ऊर्जाने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरले आणि मग घुमू लागले. तिघेही कान देऊन उभे राहिले. टिकटिक नव्हती. ऊर्जाने तेलकट हातांनीच आईला मिठी मारली. माझी जागा कायमची गेली होती, तरी तो आवाज ऐकून मला भरून आले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल. त्याला वेळच्या वेळी तेल द्या, कोरडे ठेवू नका. आणि घरातल्या कोणाचा हात कापू लागला, तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि ते पुरे करा. एवढेच माझे मागणे आहे.

रविवारी मोटार बाहेर निघाली. रोज बालवाडीत शिकवायला जाताना यमुनाबाईंनी वर्षानुवर्षे छोटी गाडी चालवली होती, पण या मोटारीच्या चाकाला त्यांचा हात कधी लागला नव्हता. ऊर्जाने किल्ली त्यांच्याच हातात दिली आणि ती मागे बसली. राजाभाऊ शेजारी. निघताना त्यांनी मला टेबलावरून उचलून मुठीत घेतले होते. आम्ही ऱ्हाइनच्या कडेने द्राक्षमळ्यांकडे निघालो. “जरा हळू,” “उजवीकडून सायकल येतेय,” असे ते काही वेळ सांगत राहिले. त्यांच्या मुठीत मी सारखा हलत होतो.

मग परतताना त्यांच्या सूचना थांबल्या. मूठ सैल झाली, मान गादीला टेकली. कंपवाताचा कंप गाढ झोपेत थांबतो, हे मला ठाऊक नव्हते. त्या उघड्या तळहातावर मी अगदी स्थिर पडून राहिलो.

ऊर्जा पुढे वाकून कुजबुजली, “आई, घरचं वळण मागे गेलं.”

“माहीत आहे मला,” यमुनाबाई म्हणाल्या. “झोपू दे त्यांना.”

आणि त्यांनी मोटार तशीच पुढे नेली.