खालचा पट्टा

कागदोपत्री राज्याचे सात विभाग आहेत. शाळेच्या नकाशात ते सात रंगांत रंगवलेले असतात. प्रत्येकाला मुख्यालय, मुख्यालयाला आयुक्त, आयुक्तांना बंगला आणि बंगल्याला कुंपण. पण आरोग्य खात्याच्या मुख्य कार्यालयात कुठल्याही शिपायाला विचारा, तो सांगेल की विभाग दोनच. एक आपला आणि दुसरा खालचा पट्टा. हा पट्टा कुठल्याच नकाशात नाही. त्यातला निम्मा पाचव्या विभागात पडतो, निम्मा सातव्यात. तो नेमका कुठून सुरू होतो हेही कोणाला सांगता येत नाही, कारण ज्या गावी विचारावं ते गाव कानावर हात ठेवतं आणि म्हणतं, आम्ही नाही हो, पट्टा पुढच्या गावापासून. शिवाय तो खालीही नाही. समुद्रसपाटीपासून मोजला तर राजधानीपेक्षा चांगला उंच भरेल. पण खात्यात उंची अशी मोजत नाहीत.

या पट्ट्याचे खरे धनी म्हणजे बदलीसाहेब. त्यांना आडनाव होतं, पण ते पगारापुरतं. राज्यातल्या डॉक्टरांच्या बदल्या त्यांच्या टेबलावरून व्हायच्या, त्यामुळे संचालकांना नमस्कार करायला विसरलेला माणूसही त्यांना दोनदा करायचा. साहेब कधी आवाज चढवत नसत. कोणी फार शहाणपणा केला, औषधं विकताना सापडला, पिऊन ड्यूटीवर आला, की ते पेनचं टोपण काढायचे आणि प्रेमाने विचारायचे, "तुम्हाला पट्ट्याची हवा कशी काय मानवेल हो?" समोरचा अर्धा तिथेच व्हायचा. हा किस्सा साहेब लग्नाकार्यात स्वतः रंगवून सांगत, आणि लोक हसत. साहेबांच्या विनोदाला न हसणं कोणाला परवडणारं नव्हतं.

घरीही तीच भाषा. भाजी टाकली की लहानपणी मुलाला "पाठवू का पट्ट्यात?" शिट्टी न होणाऱ्या कुकरबद्दल बाईसाहेब म्हणायच्या, "हा गेला खालच्या पट्ट्यात." फाटलेली चादर, तोंड वाकडं करून बसलेले पाहुणे, टीव्हीचा बिघडलेला रिमोट, सगळ्यांची रवानगी तिकडेच. त्या घरात त्या मुलखाबद्दल कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मनात काहीच नव्हतं, हे म्हणणं जास्त बरोबर.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मुलाने मुलगी पसंत केली. मुलगा लहान मुलांचा डॉक्टर, मुलगी भूल देणारी डॉक्टर, शिकले एकाच कॉलेजात. साहेबांनी विचारलं, "कुठली?"

"पाचव्या विभागातली," मुलगा म्हणाला. उत्तर सरकारी होतं, म्हणजे त्यात काहीतरी दडवलेलं होतं, आणि हे ओळखण्यात साहेबांची हयात गेली होती.

"तालुका?"

मुलाने तालुका सांगितला. राज्यातली प्रत्येक रिकामी जागा साहेबांना तोंडपाठ होती. या तालुक्यातली जागा तर कायमच रिकामी असायची.

"म्हणजे पट्ट्यातली की रे!"

"हो बाबा. पट्ट्यातली."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी एक रात्र कूस बदलत काढली आणि सकाळी चहा घेताना बायकोला म्हणाले, "मुलगी हुशार आहे. बाहेर पडली ना तिथून, झालं तर मग." तेवढ्यावर न थांबता त्यांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तिच्यासाठी एक जागा हेरून ठेवली. मुलीचे आईवडील पहिल्यांदा घरी येतील तेव्हा जेवता जेवता ही बातमी द्यायची, असं ठरलं. आपण एका मुलीला वर काढतोय या विचाराने साहेब आठवडाभर खुशीत होते.

ज्या दिवशी दुपारी पाहुणे यायचे होते त्या सकाळी बाईसाहेबांनी दम भरला, "अहो, आज तो शब्द तोंडातून निघता कामा नये."

"कुठला?"

"तोच. आणि मलाही आठवण करा. कुकर अजून तसाच आहे."

पाहुणे आले. वडिलांची खानावळ होती, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयासमोरच. उंच, मोकळा, मोठ्याने हसणारा माणूस. आई बारीक, कमी बोलणारी, आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन "मी काय करू?" विचारणारी. बाईसाहेबांनी तिला हाताला धरून परत बाहेर आणून बसवलं. मुलगी आली ती साहेबांना "काका, गुडघा कसा आहे?" म्हणत. जेवायला सगळे एकाच टेबलाभोवती बसले. साहेबांनी बातमी जेवण संपता संपता द्यायची म्हणून राखून ठेवली.

"साहेब, आपली ओळख काही आजची नाही," खानावळवाले पहिल्या घासालाच म्हणाले. "तुम्ही आमच्याकडे जी जी माणसं पाठवलीत, ती सगळी माझ्या हातचं जेवलीत."

"असं का?" साहेब म्हणाले.

"दुसरं आहे कुठे जेवायला? नवा डॉक्टर आला की पहिल्या दिवशी तोंड सुतक्यासारखं. दुसऱ्या दिवशी तुमच्या नावाने शिव्या. माफ करा हं, पण घालायचे. आठवडाभराने जरा माणसात यायचा. मग ही त्याला विचारायची, काय केलंत म्हणून इकडे आलात?" त्यांनी बायकोकडे बघितलं. "कोणी औषधं विकलेली, कोणी बाईचा हात धरलेला. एकाने तर म्हणे तुम्हालाच उलट उत्तर दिलं होतं. तो सगळ्यात चांगला निघाला. पण सुटला वर्षाच्या आत, कोणाची तरी चिठ्ठी आणून."

साहेब हसले. "अहो, तसं काही नसतं. बदल्या प्रशासकीय कारणाने होतात."

"तेच तेच, प्रशासकीय," खानावळवाल्यांनी मान डोलावली. टोमणा नव्हता. त्यांना शब्द आवडला होता. "एक सर्जन पाठवला होतात, आठवतो? चष्मेवाला, गोरा. सोन्यासारखा माणूस, सकाळी अकरापर्यंत. पुढे त्याची बाटली सुरू व्हायची. दुपारी हात असा लटलट कापायचा की चमचा धरवायचा नाही. मग सगळ्या तालुक्याने समजून घेतलं. पेशंट न्यायचा तर सकाळी. पडायचं, झडायचं, काय ते सकाळीच!"

ते स्वतःच खदखदून हसले. बाईसाहेबही हसल्या. गोष्ट सांगणारा हसतो तेव्हा यजमानीण हसतेच, आणि हसणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला हसतोय.

साहेबांना तो चष्मेवाला आठवला. शहरातल्या रुग्णालयात त्याच्या हातून एक ऑपरेशन बिघडलं होतं. नातेवाइकांनी काचा फोडल्या, पेपरात आलं. इथे तर त्याला ठेवणं शक्यच नव्हतं.

"माझ्या धाकट्या जावेला दुपारी कळा सुरू झाल्या," मुलीची आई म्हणाली. ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती, आणि ताटातलं मीठ बोटाने कडेला सारत होती. "पहिलंच होतं. मूल आडवं आलं. ते डॉक्टर आले होते, नाही असं नाही. भिंतीला धरून उभे राहिले आणि रडायला लागले. मला म्हणाले, ताई, मला जमणार नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत दोघंही गेली."

"असू दे ना, आज कशाला ते," खानावळवाले हलक्या आवाजात म्हणाले.

"विषय निघाला म्हणून," ती म्हणाली, आणि बाईसाहेबांकडे बघून कसंनुसं हसली, जणू काही आपल्याच हातून पाणी सांडलं.

मुलगी मान खाली घालून बसली होती. ती डॉक्टरच का झाली, त्यातही ऑपरेशनला लागणारी भूलच का शिकली, हे साहेबांनी तिला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची हिंमत नव्हती. कपाळाला घाम आला होता आणि तो पुसला तर सगळ्यांना दिसेल म्हणून ते पुसत नव्हते. अशा वेळी काय बोलतात हे त्यांना माहीत होतं. शोकसभांना त्यांनी पुष्कळदा भाषणं केली होती. पण इथे ते बोलायला लाज वाटत होती.

मुलाला वाटलं आता आपणच विषय बदलावा. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला आज सांगायचंच होतं. आम्ही दोघांनी तिकडेच जायचं ठरवलंय. तालुक्याच्या रुग्णालयात. लहान मुलांच्या डॉक्टरची जागा रिकामी आहे, भुलीचीही आहे. तुम्ही फक्त ऑर्डर काढा."

साहेबांचं डोकं अजून त्या भिंतीपाशी उभं होतं. तोंड मात्र इतक्या वर्षांच्या सवयीने आपलं आपण चाललं.

"पट्ट्यात? अरे, पण तू काय गुन्हा केलास?"

बाईसाहेबांच्या हातातला डाव भांड्यावर तसाच राहिला. शब्द परत घेता येईल असं एक क्षण साहेबांना वाटलं. "म्हणजे मला म्हणायचं होतं..." असं त्यांनी सुरूही केलं. पण काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलेलं होतं.

खानावळवाल्यांनी हात ताटात झटकला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. साहेबांना चिडलेल्या माणसांची सवय होती. ते नुसते पुढे झुकले आणि खरोखरच माहिती विचारावी तसं म्हणाले,

"साहेब, आम्ही तरी काय केलं होतं?"

साहेबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

नंतर पाहुण्यांनी जेवण पूर्ण केलं, हे साहेबांना सगळ्यात अवघड गेलं. दोघांनी भाजी मागून घेतली, चव चांगली आहे म्हणाले, गुडघ्यावर एक तेल सुचवलं. निघताना मुलीच्या आईने बाईसाहेबांना विचारलं, "जावईबापूंना काय काय आवडतं ते कळवा हं, तिकडे हाल व्हायला नकोत." जावईबापू म्हणाली. म्हणजे सोयरीक मोडलेली नव्हती. साहेबांनी हात जोडले, पण मान वर करून तिच्याकडे बघणं त्यांना जमलं नाही. शहरातल्या रुग्णालयातली त्या जागेची राखून ठेवलेली बातमी तशीच पोटात राहिली.

मुलगा त्यांना सोडायला गेला. बाईसाहेब रागावतील असं साहेबांना वाटलं होतं. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मीसुद्धा हसले हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हेडक्लार्क नेहमीसारखा फायली घेऊन आला. साहेबांच्या हाताखाली तयार झालेला, चुणचुणीत माणूस. साहेबांनी आधी मुलाची आणि होणाऱ्या सुनेची ऑर्डर काढायला सांगितली. हेडक्लार्कने भुवया उंचावल्या, विचारलं काही नाही, पण खुर्चीत जरा सावरून बसला. बातमी दुपारपर्यंत जिन्यावर पोचणार हे साहेबांना कळलं. पोचू दे, ते मनात म्हणाले, आणि तरीही कान तापले.

"आता हे एक," हेडक्लार्कने पुढची फाइल सरकवली. "जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर. परवा पिऊन ड्यूटीवर. पेशंट थोडक्यात वाचला. नेहमीचंच करू ना? पट्ट्यात सातव्या विभागाच्या बाजूला जागा आहे."

साहेबांनी टोपण काढलेलं पेन खाली ठेवलं.

"आपल्या कॉलनीच्या दवाखान्यात टाका त्यांना," ते म्हणाले.

हेडक्लार्क मनापासून हसला. "काय साहेब, सकाळी सकाळी! तिथे वहिनी जातात. माझी आई जाते. तिथे माणसं येतात हो."

साहेब हसले नाहीत. हेडक्लार्कचं हसू हळूहळू विरलं. आपलं काय चुकलं हे त्याला कळेना, आणि कळणार तरी कसं? त्याला हे सगळं साहेबांनीच शिकवलेलं होतं.

"मग कुठे पाठवू?" त्याने विचारलं.

साहेबांनी मनातल्या मनात सातही विभाग धुंडाळले. प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक रुग्णालयासमोर कोणीतरी कोणालातरी जेवायला वाढत होतं.

"कुठेच नाही," ते म्हणाले. "निलंबित करा. चौकशी लावा. निकाल लागेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही."

"नियमाने तसंच आहे साहेब, पण आपण कधी करत नाही. संघटनेचे लोक येतील, मंत्र्यांकडून फोन येतील. बदली कशी, सही केली की संपलं."

"माहीत आहे मला."

हेडक्लार्क फाइल घेऊन गेला. खोलीत पंखा फिरत होता. त्या चष्मेवाल्याची फाइलही याच टेबलावर आली होती. त्या दिवशीही नियम हाच होता. पण निलंबनाचा मसुदा करायचा म्हणजे संध्याकाळचे दोन तास जाणार होते, आणि मुलाचं शाळेतलं स्नेहसंमेलन होतं. साहेबांनी सही केली आणि निघाले. पहिल्या रांगेत जागा मिळाली, मुलगा नाटकात झाड झाला होता, आणि साहेबांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या.